रचना शारीर : छापील हाडे घ्यावीत की ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी?

प्रश्न : मी आयुर्वेद महाविद्यालयात रचना शारीर, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवते. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्रतिकृती आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (समोरच्या दृश्यावर संगणकीय चित्र दाखवणारे तंत्र) यांपैकी एकच गोष्ट यंदाच्या खर्चात बसेल. कोणती घ्यावी? यामुळे शवविच्छेदनाची गरज उरणार नाही, असे विक्रेते म्हणतात. ते खरे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : प्रतिकृती घ्याव्यात आणि सुरुवात कवटीच्या तळाच्या हाडांपासून करावी. स्फेनॉइड हे हाड फळ्यावर कितीही वेळा काढून दाखवले तरी विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसत नाही. तेच हातात देऊन त्यातल्या फोरामेन रोटंडम या छिद्रातून एक रंगीत दोरा आणि फोरामेन ओव्हेल या छिद्रातून दुसरा ओवायला सांगितला, की वरच्या व खालच्या जबड्याच्या नर्व्हचे (मज्जातंतूंचे) मार्ग वेगळे का, हे त्यांना पाठ करावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने २०१४ मध्ये जाहीर केलेला छापील अवयवांचा संच खऱ्या विच्छेदित नमुन्यांच्या स्कॅनवरूनच तयार केलेला होता.

मात्र पैसे देण्यापूर्वी एथमॉइड या नाकाच्या वरच्या हाडाचा नमुना मागवून उजेडासमोर धरून पाहावा. त्याची चाळणीसारखी पट्टी इतकी पातळ असते, की मिलिमीटरभर जाडीच्या चकत्यांच्या सीटी स्कॅनवरून छापल्यास तिची भोके बुजतात, क्वचित पट्टीच नाहीशी होते. अशी प्रतिकृती चुकीचेच शिकवते.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा उपयोग हालचाल दाखवण्यात आहे. धडधडत्या हृदयातील झडपांची उघडझाप प्लॅस्टिकमध्ये दिसणार नाही. त्यासाठी मोबाइलवरचे अ‍ॅप पुरते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने ज्यावर अभ्यासक्रम उभारला, त्या होलोलेन्स चष्म्याचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले, हे महागड्या उपकरणाच्या मोहात पडताना लक्षात असू द्यावे.

विक्रेत्यांचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. एका नमुन्याच्या शंभर प्रती छापल्या तरी शरीर एकच राहते, आणि मनगटाकडे जाणारा पामारिस लाँगस हा स्नायू काहींच्या हातात मुळीच नसतो, हे त्या प्रतींतून कळणार नाही. शिवाय कडक प्लॅस्टिकमध्ये धमनी, शीर आणि नर्व्ह बोटांना सारख्याच लागतात. सुश्रुताने वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवलेले शव त्वचेपासून हळूहळू खरवडत पाहायला सांगितले, त्यातला थराथराने आत जाण्याचा अनुभव छापून मिळत नाही. म्हणून विच्छेदनाच्या आदल्या दिवशी त्याच भागाची प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी. शवापाशी गेल्यावर काय शोधायचे, हे त्यांना आधीच ठाऊक असेल.