पदक ट्रंकेत आहे, डिस्चार्ज बुकात नाही

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीत होते. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेकडे जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) लढले. १९८३ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि २०१९ मध्ये वारले. त्यांच्या ट्रंकेत इतर पदकांसोबत लाल फितीचे, मधोमध पांढरी रेघ असलेले चांदीचे एक पदक सापडले. "हे जमालपूरचं," एवढेच ते सांगायचे. पण डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदीच्या पुस्तकात) पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल एवढ्याच नोंदी आहेत. आईच्या फॅमिली पेन्शनमध्येही या पदकाचा उल्लेख नाही. चौकशी केली तेव्हा "बुकात नाही म्हणजे मिळालेलंच नाही" असे उत्तर मिळाले. ओळखीचा एक जण पंधरा हजारांत नोंद करून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, थेट केस टाका. काय करावे?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. पहिल्याचे तर मुळीच नको. डिस्चार्ज बुकात बाहेरच्या कोणी शाईने एक ओळ जरी लिहिली, तरी तो सरकारी दस्तऐवजात केलेला फेरफार ठरतो. आज जी चूक कारकुनाची आहे, ती उद्या तुमच्या आईंच्या अंगावर येईल.

आधी पदक नीट पाहा. तुम्ही केलेले फितीचे वर्णन सेना मेडलशी जुळते. पदक गोल आणि चांदीचे असते. पुढच्या बाजूला टोक वर केलेली संगीन आणि मागे उभा जवान असतो. आता भिंग घेऊन त्याची कड बघा. पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. पदक काळे पडले असेल तर चिंच किंवा राख लावून घासू नका. ती अक्षरे हाच तुमचा पहिला साक्षीदार आहे, आणि आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत असे साक्षीदार कायमचे गप्प झालेले मी पाहिले आहेत.

हे पाहायचे कारण असे की घरात ज्याला 'पदक' म्हणतात ते कधी कधी वेगळेच काहीतरी निघते. माझ्याकडे एक कुटुंब तीन वर्षे 'सेना मेडल'साठी पत्रव्यवहार करून आले होते. कागद उघडला तर ते लष्कराच्या वरिष्ठ कमांडरने दिलेले कमेंडेशन कार्ड, म्हणजे शाबासकीचे पत्र होते. त्याचाही मान मोठाच, पण ते भारताच्या राजपत्रात छापले जात नाही. सेना मेडल मात्र राष्ट्रपतींच्या नावाने जाहीर होते आणि राजपत्रात येते. त्यामुळे तुमचे सगळे प्रकरण एकाच प्रश्नावर उभे आहे : राजपत्रात वडिलांचे नाव आहे का?

हे पदक १९६० साली सुरू झाले. १९७१ च्या युद्धातील सन्मानांच्या अधिसूचना १९७२ पासून पुढे निघत राहिल्या. त्यामुळे एकच वर्ष बघून हात टेकू नका. राजपत्र हे सगळ्याचे मूळ. त्यावरून पलटण पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश) काढते, ती रेजिमेंटचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलमध्ये (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकात) नोंद होते, आणि जवान घरी निघताना त्या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) सगळ्यात शेवटी. मधेच जवानाची बदली झाली, पार्ट टू ऑर्डरमध्ये नंबरचा एक आकडा चुकला किंवा ती निघालीच नाही, तर साखळी तिथेच तुटते आणि पुढचा प्रत्येक कागद कोरा राहतो. म्हणून "बुकात नाही म्हणजे मिळालेलंच नाही" हे उत्तर कायद्यात टिकत नाही. डिस्चार्ज बुक ही नक्कल आहे. नकलेत नाही म्हणून मूळ खोटे ठरत नाही.

तर पहिले पाऊल माहितीच्या अधिकाराचे. अर्ज आईंच्या नावाने आणि सहीने करा, तुमच्या नावाने नको. मुलाने मागितले तर 'त्रयस्थाची खासगी माहिती' असा शेरा मारायला वाव राहतो. पत्नीला, तीही फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीला, तसे म्हणणे अवघड जाते. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. सीमा सुरक्षा दल, आसाम रायफल्स वगैरे दले या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलेली आहेत, लष्कर मात्र वगळलेले नाही. त्यामुळे कोणी तसे सांगून परत पाठवले तर मानू नका. मागणी मोघम ठेवू नका. शीट रोलची साक्षांकित प्रत, पदकासंबंधीची पार्ट टू ऑर्डर, लाँग रोलमधील (भरती झालेल्यांच्या नोंदवहीतील) नोंद आणि राजपत्राचा अधिसूचना क्रमांक व तारीख, हे चारही नावानिशी मागा. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. तुमचे वडील पेन्शनर होते, त्यामुळे "कागद जाळले" असे तोंडी उत्तर आले तर ते लेखी मागा.

त्याच वेळी जुनी राजपत्रे स्वतःही धुंडाळा. नावाने शोधू नका, आर्मी नंबराने शोधा. आपल्या माणसांच्या नावांचा फौजेत फार गोंधळ झालेला आहे. भरती करणाऱ्याने एका ठिकाणी 'राव' लावला, दुसरीकडे गाळला, आडनावाच्या जागी गावाचे नाव आले, इंग्रजीत एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे झाली. नंबर जुळत असेल तर नावातला फरक प्रतिज्ञापत्राने निस्तरता येतो. नंबरच जुळत नसेल, तर मात्र तो माणूस तुमचे वडीलच होते हे कडेवरच्या कोरलेल्या अक्षरांवरून, पलटणीच्या नोंदींवरून आणि जमल्यास सोबतच्या एखाद्या हयात जवानाच्या प्रतिज्ञापत्रावरून दाखवावे लागेल.

राजपत्राची प्रत हाती आली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेकॉर्ड ऑफिसला आईंच्या सहीचे निवेदन स्पीड पोस्टाने, नोंदणीसह पाठवा. सोबत राजपत्राची प्रत, डिस्चार्ज बुक व पीपीओच्या प्रती, मृत्यूचा दाखला आणि पदकाचे दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो जोडा. मूळ पदक पोस्टात टाकू नका, कोणी कितीही आग्रहाने मागितले तरी. निवेदनात मागण्या तीन असाव्यात : शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद, प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्तीचा पीपीओ, आणि पदकाच्या मासिक भत्त्याची थकबाकी.

भत्त्याबद्दल एक मेख आहे. तो फक्त शौर्यासाठी मिळालेल्या सेना मेडलला असतो, विशिष्ट सेवेसाठीच्या मेडलला नसतो. १९७१ च्या काळातील पदकासाठी म्हणूनच सन्मानपत्रातला, म्हणजे पदक कशासाठी दिले ते सांगणारा मजकूर बघावा लागतो. जमालपूरला १० आणि ११ डिसेंबरच्या रात्री १ मराठाने (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने) पाकिस्तानी बलुच पलटणीची वाट अडवून धरली होती. मजकुरात त्या चकमकीतले कृत्य असेल तर शौर्याबद्दल वाद उरणार नाही. १ ऑगस्ट २०१७ पासून शौर्याच्या सेना मेडलचा भत्ता महिना २,००० रुपये आहे. सैनिकामागे तो पत्नीला मिळतो. वडील हयात असतानाची थकबाकी वारसांची, त्यानंतरची आईंची, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे मागा. राज्य शासनाचा पदकधारकांसाठीचा निधी हा आणखी वेगळा विषय. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे लागेल, पण दुरुस्त कागद हातात आल्यावर, आधी नाही.

आता केसबद्दल. सहा महिन्यांत निवेदनाचे उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळा होतो. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. या न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात निवृत्त सैनिकाच्या वारसांनाही दाद मागता येते, त्यामुळे "आईला अधिकार काय?" हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. कलम २१ प्रमाणे आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. थेट केस टाकली तर बहुधा हेच ऐकून परत याल, म्हणून मी घाई करू नका म्हणतो. नकार मिळाल्यास मात्र घाई करा. कलम २२ प्रमाणे केस दाखल करायची मुदत सहा महिन्यांची आहे. विलंबमाफी मिळू शकते, पण ती मागायची वेळ का आणावी?

थकबाकीबाबत तरसेम सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल तुमच्या वकिलांना दाखवा. पेन्शनसारख्या दरमहा चालू राहणाऱ्या अन्यायात उशीर आड येत नाही, पण थकबाकी साधारणपणे दावा दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कोर्टात गेलात तर आजच्या दराने ३६ महिन्यांचे ७२,००० रुपये, आणि जितका उशीर कराल तितके मागचे महिने गळत जातील. रेकॉर्ड ऑफिसकडच्या निवेदनात मात्र तीन वर्षांचा उल्लेख स्वतःहून करू नका. तिथे पूर्ण काळाची थकबाकी मागा. कात्री लावायची असेल तर ती त्यांनी लावावी.

एक शक्यता अप्रिय आहे, पण सांगायला हवी. राजपत्रात वडिलांचा नंबर कुठेच मिळाला नाही, तर हा 'नोंद राहिली' असा दावा राहत नाही. तो 'पदक द्यायला हवे होते' असा होतो, आणि पन्नास वर्षांनंतर न्यायाधिकरण ते देववणार नाही. तशा वेळी मी तुम्हाला केस टाका असे सांगणार नाही.

तेव्हा आज संध्याकाळी भिंग घ्या आणि कडेवर काय कोरले आहे ते आईंसमोर वाचून कागदावर उतरवा. नंबर लागला तर माहिती अधिकाराच्या अर्जात पहिल्याच ओळीत तो लिहा.