क्लॅव्हिकल स्वतःच्या खांद्यावर ठेवून बघ

प्रश्न : मॅडम, मी पेडणे तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, पुढे इंग्रजीतून. आता बांबोळीला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. अप्पर लिंबच्या, म्हणजे खांद्यापासून हातापर्यंतच्या भागाच्या, परीक्षेत नापास झाले. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी क्लॅव्हिकलचं हाड हातात दिलं आणि कुठल्या बाजूचं ते विचारलं. सगळं पाठ होतं, पण तोंडातून शब्दच फुटला नाही. रात्री दोनपर्यंत वाचत बसते. मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा वास बोटांना चिकटून राहिल्यासारखा वाटतो, दुपारी माशांच्या हुमणाकडे बघवत नाही. बाबा गावात सगळ्यांना ‘आमची डॉक्टर’ म्हणून सांगतात. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही आणि शिगम्याला घरी जायचं आहे. मी चुकीच्या ठिकाणी आलेय का?

उत्तर : बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांच्या गोष्टीकडे येतेच, पण आधी ते क्लॅव्हिकल मार्गी लावू.

कुणाकडून तरी हाडांचा सेट घे आणि आरशासमोर उभी राहा. गळ्याखाली आडवं हाताला लागतं ते हे हाड. त्याचं जाड, भरीव टोक छातीच्या मध्याकडे धर आणि चपटं टोक खांद्याकडे. गुळगुळीत अंग वर ठेव. खालच्या अंगाला मधोमध एक पन्हळ बोटाला लागेल, ती खाली. छातीकडच्या भागाचा फुगवटा पुढे आला पाहिजे. आता हे हाड तुझ्या एकाच खांद्यावर नीट बसेल, दुसऱ्यावर बसणारच नाही. ज्या खांद्यावर बसलं ती त्याची बाजू. हे सगळं तुला इंग्रजीत पाठ आहे, मला ठाऊक आहे. पण हातानं केलेलं नसलं की ऐन वेळी पाठ केलेली ओळ सापडत नाही.

मी तीस वर्षं अॅनाटॉमी शिकवली. व्हायव्हाला गप्प होणारी मुलं आळशी नसतात. बहुतेक वेळा ती मन लावून, पण मनातल्या मनात वाचणारी असतात. तू गप्प बसून वाचतेस आणि परीक्षा होते तोंडी. म्हणून रूममेटला समोर बसव आणि आधी मराठीत सांग : ही नस कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून जाते, म्हणून कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. मग तेच इंग्रजीत सांग. अल्नर नर्व्ह पुन्हा विसरणार नाहीस. भाषेची लाज तर मुळीच धरू नको. पणजीला १८४२ साली मेडिकल स्कूल सुरू झालं आणि पुढे शंभरावर वर्षं आपल्याकडची मुलं तिथे पोर्तुगीजमधून शिकली. त्यांच्याही घरी ती भाषा बोलली जात होती असं थोडंच आहे!

ही परीक्षा कॉलेजातली आहे, त्यामुळे तुझं वर्ष गेलेलं नाही. पण इंटर्नलचे गुण पुढे धरले जातात, म्हणून याच आठवड्यात सरांना भेट आणि पुन्हा व्हायव्हा देता येईल का ते विचार. हजेरी सांभाळ : थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०.

वासाचं म्हणशील तर तो बहुतेकांच्या हळूहळू सवयीचा होतो. तोवर ग्लोव्हज घाल, डिसेक्शन हॉलमध्ये उपाशीपोटी जाऊ नको, डोळे चुरचुरले की दोन मिनिटं बाहेर ये. दुपारी मासे नको वाटले तर पेज आणि लोणचं घे, पण जेव. आणि बारापर्यंत झोप. झोपेतच वाचलेलं पक्कं होतं, हे तुला फिजिओलॉजीत शिकवतीलच. दोन आठवड्यांनीही जेवण-झोप सुधारली नाही तर मानसोपचार ओपीडीत जा, किंवा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. ताप आला की जातो, तसंच जायचं.

आता बाबा. मी स्वतः पहिल्या वर्षी फिजिओलॉजीत नापास झाले होते. वडिलांना कळवायला मला तीन आठवडे लागले. ते कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, राबणारे, शाळा चौथीपर्यंतची. पत्राचं उत्तर आलं नाही. रविवारी ते स्वतःच हॉस्टेलच्या फाटकापाशी उभे, हातात केळ्यांचा घड. ‘नापास झालीस ते वाचलं,’ म्हणाले, ‘पण जेवतेस की नाही ते लिहिलं नाहीस.’ पायरीवर बसून दोघांनी केळी खाल्ली. परीक्षेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या तीन आठवड्यांत मी जे मनात रचत होते, त्यातलं एकही वाक्य ते बोलले नाहीत.

तुझे बाबा काय म्हणतील ते मी इथून कसं सांगू? पण शिगम्याला घरी पाहुणे असतील, ढोल-ताशे असतील, तेव्हा हे बोलायला जागा मिळणार नाही. त्याआधीच फोन कर. रात्री जेवणं आटोपून ते ओसरीवर निवांत बसलेले असतात, त्या वेळी.