हॉलिवूडचा नट डस्टिन हॉफमनची मुलाखत पाहून माझा भाऊ भारावलाय. बाईला रूपावरून तोललं जातं हे पुरुष कलाकारांना इतक्या उशिरा कळतं, त्याचं कौतुक करावं का?

करावं, पण बेतानं.

'टूट्सी' (१९८२) या सिनेमासाठी हॉफमनला बाईचा मेकअप केला. आता मला सुंदर करा, असं तो म्हणाला, तर याहून जास्त जमणार नाही असं उत्तर मिळालं. अशी बाई पार्टीत भेटली असती तर मी तिच्याशी बोललोही नसतो, हे सांगताना त्याचा गळा दाटून येतो. २०१३ मध्ये ही मुलाखत जगभर फिरली. त्यानं स्वतःची नजर उघडी करून दाखवली, याचं मला मोल वाटतं. पण २०१७ मध्ये त्याच्यावरच अनेक बायकांनी गैरवर्तनाचे आरोप केले. म्हणून नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मी यवतमाळकडच्या खेड्यातली. आमच्याकडे दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा, कमरेला ओटी, आणि दिवसभर ऊन. मजुरी किलोवर, त्यामुळे सावलीत बसायचीही सोय नाही. याच घरांत सून आणायची वेळ आली की ऐकू येतं, "पोरगी शिकेल हाय, पन जराशी काई (काळी) हाय." उन्हातच राबवायची असते, तरी ती गोरी हवी! मग पोरी किराणा दुकानातून क्रीमची छोटी पुडी आणतात, आयांपासून लपवूनही नाही, आयाच आणून देतात. फेअर अँड लव्हली १९७५ ला आली आणि नावातलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं. मधल्या काळात आमच्या तीन पिढ्या आरशासमोर झुरल्या.

म्हणून मला अभय देओल जास्त पटतो. २०१७ मध्ये त्यानं आपल्याच धंद्यातल्या मोठ्या नटनट्यांच्या गोरेपणाच्या जाहिराती फेसबुकवर टाकल्या आणि उघड जाब विचारला. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याशीच वैर घ्यायला छाती लागते.

भावाचं लग्न व्हायचं असेल तर त्याच्या बायोडाटात 'अपेक्षा : गोरी' असं लिहिलंय का ते बघा. असेल तर त्यालाच खोडायला लावा. आणि पोरगी पाहायला निघण्याआधी, काका-मामांसमोर, 'रंगाचा विषय कोणी काढायचा नाही' हे त्यानं स्वतः सांगावं. आईकडून वदवून घेऊ नये.