देवळालीच्या स्कूटरचा गेटपास

वाचकांचे पैशाचे प्रश्न आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काका. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, क्लासेसमध्ये शिकवते. जाण्यायेण्यासाठी जुनी स्कूटर शोधत होते. ऑनलाइन जाहिरातीत एमएच १५ पासिंगची पांढरी स्कूटर २८,००० रुपयांना दिसली. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, देवळालीला होतो, आता जम्मूला बदली झाली म्हणून घाईत काढतोय. ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटोही पाठवला. गाडी बघायला येते म्हटलं तर म्हणाला, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, आर्मीच्या गाडीतून स्कूटर तुमच्या दारात येईल. आधी गेटपासचे २,१५० मागितले. मग ट्रान्सपोर्टचे ५,५००, मग इन्शुरन्सचे ६,२००. प्रत्येक वेळी ‘हे रिफंडेबल आहेत मॅडम’. पुढे जीएसटी मागितला तेव्हा आमच्या मिस्टरांनी अडवलं. आता फोन बंद लागतो. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार? परवाच घडलंय हे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी फोन करून १९३० हा नंबर लावायला सांगितलं होतं. मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे काम नाही. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी.

१९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन. फोन लावताना तुमचा खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, समोर ठेवा. यूटीआर तुमच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तुमचे तीन हप्ते आहेत, म्हणजे तीन यूटीआर. माहिती गेली की पैसे ज्या खात्यात पोचले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे जे शिल्लक असेल ते होल्डवर टाकता येतं. सगळा खेळ त्या ‘शिल्लक असेल’वर आहे. चोर पैसे स्वतःच्या खात्यात घेतच नाही. कुणाचं तरी भाड्यानं घेतलेलं खातं, तिथून दुसरं, तिसरं, आणि एटीएममधून रोख. पहिल्या तासात फोन गेला तर काही हाती लागायची आशा असते. दोन दिवसांनी ती बरीच कमी होते, तरी तक्रार कराच. होल्ड झालेले पैसे परत मिळवायला पुढे तुमचा तक्रार क्रमांकच कामाला येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, ते ओळखपत्र, जाहिरातीचा स्क्रीनशॉट यातलं काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात लोक पहिलं काम तेच करतात.

बँकेतला माणूस तुमच्याशी तुसडेपणानं बोलला असेल, पण नियमानं तो चुकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलं ते त्याच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. तिथे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं आणि ग्राहकाची चूक नसली तर त्याच्यावर बोजा पडत नाही. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. तिथली करकरीत नोट अनोळखी माणसाच्या हातावर ठेवली की ती जशी त्याची होते, तसंच यूपीआयचं आहे. मध्ये पैसे धरून ठेवणारा कुणी नसतो. मोठ्या कंपनीच्या साइटवर कार्डानं घेतलेल्या वस्तूबद्दल बँकेकडे दाद मागता येते, ती सोय इथे नाही. तरीही बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आता त्या फौजीबद्दल. ही गोष्ट नागपुरात कामठीच्या छावणीची होते, पुण्यात खडकीच्या. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, प्रत्येकाच्या ओळखीत एखादा जवान असतो, म्हणून ती लगेच पटते. चोर नाशिकमध्ये असायची गरजच नसते. फोटो बहुतेक दुसऱ्या कुणाच्या खऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात. ओळखपत्राचा फोटो तर कुणी मागायच्या आत पाठवतात. मला सगळ्यात जास्त संशय त्याचाच येतो, कारण खरा जवान अनोळखी माणसाला आपलं कार्ड असं वाटत सुटत नाही.

छावणीत बाहेरच्याला सोडत नाहीत हे खरंच आहे. पण आतल्याला बाहेर यायला कुणी अडवलंय? ‘रविवारी गाडी घेऊन देवळालीच्या लॅम रोडवर या, चहा पिऊ, तिथेच पैसे देते,’ एवढं म्हणून पाहायचं. माणूस खरा असेल तर येईल. खोट्याची त्याच दिवशी बदली होते.

जुन्या गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाकला की नोंदणीची तारीख, मॉडेल, विम्याची मुदत दिसते. जाहिरातीशी ते जुळतंय का पाहा. खरेदीच्या वेळी गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर येतं ते खातेदाराचं नाव वाचा. तुम्ही फोनवर सांगितलंत की कार्डावर एक नाव होतं, पैसे गेले दुसऱ्याच नावावर, आणि तो म्हणाला, ‘ते आमच्या क्लार्कचं खातं आहे.’ सैन्याचा गेटपास कुणा क्लार्कच्या खासगी खात्यावर मिळत नाही.

तुम्हाला पहिले २,१५० घालवल्याचा सल वाटतोय. मला विचाराल तर पुढचे दोन हप्ते तुम्ही स्कूटरसाठी दिलेच नाहीत, ते आधीचे बुडू नयेत म्हणून दिलेत. ‘रिफंडेबल’ हा शब्द त्यासाठीच पेरलेला असतो.

एक धोका अजून शिल्लक आहे. काही दिवसांत कुणी फोन करेल, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मिळाली आहे, प्रोसेसिंग फी भरा,’ किंवा ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, आणि पोलीस फी घेत नाहीत.

प्रश्न : म्हसरूळच्या एका गृहस्थांकडून जुना लॅपटॉप घेतला. ९,००० पाठवले, माझ्या खात्यातून गेले, ते म्हणतात आले नाहीत, पुन्हा पाठवा. लॅपटॉप त्यांच्याकडेच आहे.

उत्तर : पुन्हा पाठवू नका. अ‍ॅपमध्ये व्यवहार ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल’ दिसत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं रोज १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. बँका ती आपणहून देतातच असं नाही, मागा. व्यवहार ‘सक्सेस’ दिसत असेल तर पैसे त्यांच्या खात्यात पोचलेत. एसएमएसवर जाऊ नका, त्यांना यूटीआर देऊन समोर बसून स्टेटमेंट उघडायला सांगा. बऱ्याचदा माणूस एका खात्याचा यूपीआय देतो आणि तपासतो दुसऱ्याच खात्यात.

प्रश्न : सिडकोतल्या एका कुटुंबाकडून ६,५०० ला फ्रिज घेतला. आठवड्यात कॉम्प्रेसर गेला. ते पैसे परत द्यायला नाही म्हणतात. १९३० वर तक्रार करू का?

उत्तर : नको. तुम्ही फ्रिज पाहिलात, चालू होता, उचलून आणलात. ही सायबर फसवणूक नव्हे. घरगुती विक्रेता दुकानदार नसल्यामुळे ग्राहक आयोगातही फारसं हाती लागणार नाही. वस्तू विक्रीच्या कायद्यात मुळात खरेदी करणाऱ्यानंच पारखून घ्यावं असं आहे. (कायद्याचं सालही १९३०च, योगायोग.) त्यांनी चॅटमध्ये ‘कॉम्प्रेसर नवा टाकलाय’ असं लिहिलं असेल आणि मेकॅनिक तो जुनाच आहे असं लेखी देत असेल, तर मात्र वकिलाची नोटीस पाठवता येईल. तसं नसेल तर दुरुस्तीचा अर्धा खर्च मागून पाहा. मी असतो तर ज्येष्ठ माणसाला सोबत घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो असतो. फोनवर नाही म्हणणारी माणसं समोरासमोर थोडी मवाळ होतात.