वडिलांचं डायलिसिस टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सेंटरमध्ये करावं का?

तुमचा प्रश्न असा : कोल्हापूरच्या फेऱ्या आता वडिलांना झेपत नाहीत, गावाजवळ नवं सेंटर झालंय, पण तिथे एरवी विहिरीचं आणि मे महिन्यात टँकरचं पाणी असतं. ते चालेल का? आणि डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी द्यायची की नाही?

मी सिंधुदुर्गात डायलिसिस टेक्निशियन आहे, 12 वर्षं झाली. टँकर बघून लगेच नाही म्हणू नका. मशीन नवी आहे म्हणून लगेच हो पण म्हणू नका. मागची आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करायची, खोली बघायला मागा.

कारण असं की मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली डायलिसेट, म्हणजे शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रावण, जातं. चार तासांत 120 लिटर. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाचे 240 लिटर झाले, आणि ते पाणी नि त्याचं रक्त यांच्यामध्ये असतो फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा, पडदा. पिताना आतडं बरंच काही अडवतं, इथे अडवणारं कोणी नाही. त्यामुळे 'आम्ही हेच पाणी पितो' याला इथे अर्थ नाही. ब्राझीलमध्ये कारुआरू इथे 1996 साली टँकरने आणलेलं धरणाचं पाणी नीट शुद्ध न करता वापरलं गेलं. त्यात शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांचं विष होतं. 50 हून जास्त रुग्ण गेले.

आपल्याकडचा त्रास ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, आरओवर ताण येतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, मग तुरटी वाढते आणि टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडरही. विहिरीत टीसीएल बहुतेक वेळा अंदाजानेच पडते. क्लोरीन पिणाऱ्याला बाधत नाही, पण तो रक्तात गेला की तांबड्या पेशी फुटतात. त्यातून तयार होणारं क्लोरामाइन तर आरओच्या पडद्यातूनही निसटतं. ते अडवायचं काम कार्बनच्या टाक्यांचं. म्हणून टाक्या एकामागे एक अशा दोन हव्यात आणि पहिल्या टाकीनंतरचं पाणी प्रत्येक शिफ्टच्या आधी तपासायला हवं. एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम.

एका जुलैतली सकाळ सांगतो. रात्रभर पाऊस. मी नेहमीप्रमाणे पाणी पंधरा मिनिटं चालू ठेवून नमुना घेतला, रसायन टाकलं, तर बाटली गुलाबी, म्हणजे पाण्यात क्लोरीन. पहिल्या टाकीनंतर गुलाबी झाली तर दुसरी टाकी आहे म्हणून निभावतं. पण दुसरीनंतरही गुलाबीच. बाहेर सहा जण बसलेले. एक काका पहाटेच्या एसटीने आलेले, ते दारातूनच ओरडले, "नळाक पाणी इला मगे मशीन कित्याक बंद ठेवलस रे?" वरून फोन आला, घाबरून मीही क्षणभर विचार केला की एक शिफ्ट काढू. नाही काढली. कार्बन बदलेपर्यंत दुपार झाली, दोघांना दुसऱ्या सेंटरला पाठवावं लागलं. त्या काकांनी मला पुढे महिनाभर टोमणे मारले. नंतर वही चाळली तेव्हा कळलं की कार्बन बदलायची तारीख उलटून गेली होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणून त्या सेंटरमध्ये गेलात की क्लोरीनची वही मागा. रोजच्या नोंदी वेगवेगळ्या शाईत, थोड्या गिचमिड असतील तर मला बरं वाटतं. महिनाभर एकाच पेनाने, एकाच वळणात '0.0' लिहिलेलं असेल तर संशय घ्या. पाण्याच्या कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा, शेवटचा रिपोर्ट कधीचा हेही विचारा. मिलीलिटरमागे 100 पेक्षा कमी जंतू हवेत. आणि रात्रभर लाइट गेल्यावर पाइपात थांबलेल्या पाण्याचं काय करता, हा प्रश्न तर नक्की. आपल्याकडे पावसात लाइट किती जाते ते तुम्हाला सांगायला नको. उत्तर देताना टेक्निशियन चिडला तरी चालेल, गोंधळला तर विचार करा.

आता औषधं. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनची बाटली मिलीला 1000 युनिटची असते आणि 5000 चीही, दोन्हींचा घाट सारखाच. एकदा मी चुकीची सिरिंजमध्ये ओढली होती. सिस्टरने मोठ्याने लेबल वाचलं म्हणून वाचलो. तेव्हापासून आम्ही दोघं वाचून दाखवल्याशिवाय देत नाही. वडिलांच्या सेंटरमध्येही कोणी तसं वाचतं का ते बघा.

घरच्या गोळ्यांत मला सगळ्यात धास्ती वाटते ती न सांगितलेल्या औषधांची. पित्ताचं पांढरं जेल घ्या ना, त्यात बहुधा अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. तुरटीतून पाण्यात आलेलं अॅल्युमिनियम काढायला आम्ही इथे एवढा खटाटोप करायचा आणि घरी ते चमच्याने द्यायचं. किडनी काम करत नसल्यामुळे ते साठतं, हाडं आणि मेंदू दोन्ही बिघडवतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळीही विचारल्याशिवाय नको.

बीपीच्या गोळीचं एक उत्तर नाही. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये बरंच धुऊन निघतं, अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन जवळजवळ नाही. वडिलांचं बीपी मशीनवर घसरत असेल तर डॉक्टर सकाळची गोळी संध्याकाळवर नेतात, वरच राहत असेल तर नेत नाहीत. तुम्ही स्वतःहून बंद करू नका. पहिल्या दिवशी घरातली सगळी पाकिटं, जेल आणि वैद्यांची पुडीसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा. कागदावर नावं लिहून नेलीत तर जेल हमखास राहून जातं.