जुन्या लॅपटॉपला कोणते लिनक्स?

प्रश्न : लॅपटॉप दहा वर्षांचा, रॅम ४ जीबी. ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले. त्याऐवजी कोणते लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू? मराठी टायपिंगचे आणि श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलींचे काय?

उत्तर : लिनक्स मिंट या लिनक्स-प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. त्याचीच सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी, पण ४ जीबीत ब्राउझर उघडला की तिची दमछाक होते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचर या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) चढवा. लगेच इन्स्टॉल करू नका; आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज तपासा. ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड कधीकधी दिसतच नाही. मग मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या आणि मिंटमधले ड्रायव्हर मॅनेजर उघडून कार्डाचा ड्रायव्हर टाका. विंडोजही ठेवणार असाल तर त्यातले फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा. नाहीतर विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समध्ये बहुधा नुसते वाचता येतील, त्यांवर काही सेव्ह होणार नाही.

मराठीसाठी आयबस-एम१७एन हे टायपिंगचे पॅकेज टाका, इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडा, लॉगआउट करून परत या. खरी डोकेदुखी श्री-लिपीची. त्या जुन्या फायली युनिकोडमध्ये (अक्षरांच्या सर्वत्र चालणाऱ्या संकेतांत) नसतात, त्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये मंगल किंवा नोटो फॉन्ट लावला तरी अगम्य चिन्हेच दिसतात. विंडोज पुसण्याआधी कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरे आणि रफार मात्र नजरेखालून घाला, तिथेच घोळ होतो.