तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेतून गंधार (सारेगमतला ग) ऐकू येतो म्हणतात. तो खरा असतो की मनाचा खेळ?

खरा असतो. मोजता येतो, आणि नुसत्या बोटाच्या टोकाने बाकीच्या सुरांतून वेगळा काढून ऐकताही येतो.

तुम्ही लिहिलंय की निपाणीत गाणं शिकताय. तंबोरा लावून झाला की गुरुजी म्हणतात, ‘बघा, गंधार बोलायला लागला’. बाकीचे माना डोलावतात आणि तुम्हाला मात्र सा आणि प यांच्यापलीकडे काहीच सापडत नाही. मी बेळगावात कॉलेजात फिजिक्स शिकवतो, घरी तंबोरा आहे, आणि या विषयावर बोलायला मला मनापासून आवडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. समजा तुमचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, १४० हर्ट्झचा (सेकंदाला १४० कंपनांचा) आहे, म्हणजे पेटीवरची साधारण काळी एक. मग खर्जाची तार लागते ७० वर. पण ताणलेली तार फक्त सबंध लांबीने हलत नाही. त्याच क्षणी ती दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही हलत असते आणि या प्रत्येक हालचालीचा आपापला सूर असतो: १४०, २१०, २८०, ३५०, ४२०. यातला १४० म्हणजे मध्य षड्ज, २१० पंचम, २८० तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. आणि ३५० म्हणजे २८० ची बरोबर सव्वापट. हाच शुद्ध गंधार. गाणारे याला स्वयंभू गंधार म्हणतात, कारण तो कुणी लावलेला नसतो.

तुमचा घोळ बहुतेक इथेच होतोय. हा गंधार तार सप्तकातला आहे, खर्जापासून दोन सप्तकं वर. तुम्ही त्याला खर्जाच्या शेजारी शोधत असाल तर तो मिळायचा नाही. पेटीवर तार गंधार हलकेच वाजवून घ्या, तो कानात ठेवा आणि मग खर्ज छेडा. तरीही शंका असेल तर बोटाचा प्रयोग करा. घोडीपासून (भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) वरच्या अटीपर्यंत (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेची लांबी मोजा आणि तिचे पाच भाग करा. तार ९० सेंटिमीटर असेल तर घोडीपासून १८ सेंटिमीटरवर खूण येईल. खर्ज छेडून लगेच त्या जागी बोटाचं टोक नुसतं टेकवा आणि उचला. दाबायचं नाही. पाच भागांत हलणारी तार त्या बिंदूला स्थिरच असते, त्यामुळे तिला तुमच्या बोटाचा त्रास होत नाही. बाकीच्या जवळजवळ सगळ्या हालचाली विझतात आणि गंधार एकटा वाजत राहतो. एकदा असा ऐकला की पुढे भरल्या तंबोऱ्यातही कान त्याला बरोबर पकडतो.

आता खरा मुद्दा. हे पाच भाग गिटारच्या तारेतही असतात, मग तिथे गंधार असा ठसठशीत का ऐकू येत नाही? कारण तिथे जवारी नाही.

तंबोऱ्याची घोडी जवळून बघा. गिटारची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते आणि तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला किंचित उतार दिलेला असतो, नजरेला न कळणारा. हीच जवारी. तार त्या उतारावरून जवळजवळ घासत जाते, आणि तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून तिला जेमतेम उचललेली असते. तार हलायला लागली की प्रत्येक झोक्याला ती घोडीच्या माथ्यावर थोडी लोळते, सुटते, पुन्हा लोळते. खर्जाच्या तारेत हे सेकंदाला ७० वेळा चालतं. प्रत्येक स्पर्शात तारेच्या मोठ्या, संथ हालचालीतली थोडी शक्ती फुटून वरच्या बारीक हालचालींत जाते. गिटारचे वरचे सूर छेडताना जन्मतात आणि लगेच विरतात. तंबोऱ्यात त्यांना तळातून सारखी रसद मिळत राहते. तार जशी मंदावते तसा तिचा घोडीशी स्पर्शही बदलतो, म्हणून तंबोऱ्याचा आवाज एका जागी थांबत नाही. वरचे स्वर एकामागून एक उजळत खाली उतरतात, आणि त्या उतरणीत गंधार येऊन जातो.

याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना केला. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवरचा त्यांचा निबंध १९२१ चा, म्हणजे नोबेलच्या नऊ वर्षं आधीचा. तोवर थॉमस यंगचा नियम सर्वमान्य होता: तार ज्या बिंदूवर छेडाल, तो बिंदू ज्या हालचालीत स्थिर असतो ती हालचाल जन्मतच नाही. गिटारची तार बरोबर एक पंचमांशावर छेडा, गंधार जवळजवळ नाहीसा होतो. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यावर हा नियम चालत नाही. जो सूर उठायलाच नको, तोही तिथे खणखणीत वाजतो. छेडताना जे मिळालं नाही ते नंतर घोडी देते. आपल्या कारागिरांनी हातांनी साधलेली गोष्ट त्यांनी किती आदराने, किती बारकाईने तपासली, हे वाचताना मला आजही भरून येतं.

हाताचं हे काम बघायचं असेल तर मिरजेला जा. आम्ही बेळगावहून घटप्रभा, रायबाग, कुडची करत रेल्वेने जातो. तुम्हाला निपाणीहून ते बरंच जवळ आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनापेक्षा जवारी काढणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसणं मोलाचं. तो घोडीच्या माथ्यावर कानस एकदाच, अगदी अलगद फिरवतो, तार बसवतो, छेडतो, ऐकतो, आणि तार उतरवून परत कानस. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज फुटतो, केसभर मागे राहिला तर मुका होतो. वर्षानुवर्षं वाजवून तार घोडीत बारीक चर पाडते, जवारी बिघडते आणि हे सगळं नव्याने करावं लागतं. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. तंबोरा मनासारखा जुळावा यासाठी त्यांचा किती आग्रह असायचा, हे त्यांचं गाणं ऐकणाऱ्यांना माहीत आहे. त्या आग्रहामागे शास्त्र होतं, असं मी म्हणेन.

घोडीचं महत्त्व उलट बाजूनेही पटतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगत्यांचं चौंडकं, ते एका तारेचं वाद्य, ऐकलं असेलच. त्याला घोडीच नाही. तारेचं एक टोक थेट कातड्याच्या मध्यात अडकवलेलं असतं. तारेची शक्ती झटक्यात कातड्यात जाते, म्हणून आवाज मोठा, पण लगेच संपणारा. नाचासोबतच्या गाण्याला तोच हवा. तंबोऱ्याची तार आपली शक्ती घोडी आणि लाकडी तबलीमार्फत थोडी थोडी सोडते, म्हणून ती इतकी लांब बोलत राहते.

तुम्ही असंही विचारलंय की पेटीचा गंधार तंबोऱ्याशी का जुळत नाही. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीचा तार गंधार, आपल्या हिशोबात, ३५३ च्या जवळ येतो. तंबोऱ्याचा ३५०. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे तीन हेलकावे ऐकू येतात. गाताना तंबोऱ्याचा धरा.

आणि मनाच्या खेळाबद्दल. खेळ आहे, पण तो गंधाराचा नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावता तेव्हा त्या चिमुकल्या स्पीकरला ७० हर्ट्झ जवळजवळ वाजवताच येत नाही. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो. २१०, २८०, ३५०, ४२० हे सगळे ७० च्या पटीत आहेत हे मेंदू ओळखतो आणि गायब असलेला पाया स्वतः भरून काढतो. तिथे गंधार खरा आणि खर्ज मनाचा! सुरुवातीला खऱ्या तंबोऱ्यावरच शिका, असं मी याचसाठी सांगतो.

इतकं करूनही गंधार बोलत नसेल तर आधी खर्ज तपासा. पाचव्या पटीत चूकही पाचपट होते. खर्ज अर्ध्या हर्ट्झने उतरला असेल तर गंधार अडीच हर्ट्झने ढळतो आणि जोडीच्या, म्हणजे मध्य षड्जाला लावलेल्या दोन तारांतल्या, एक सप्तक वरच्या गंधाराशी भांडायला लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लाकूड फुगतं, खुंट्या अडतात, सकाळी लावलेला तंबोरा दुपारी तसा राहत नाही. खुंटीने जवळ आणा आणि शेवटचं तारेत ओवलेल्या मण्याने मिळवा. मग दोरा अगदी हळू सरकवून बघा. त्यानेही जमलं नाही तर घोडी जाणकाराला दाखवा, स्वतः घासू नका.

गंधार सापडला की पंचमाच्या तारेकडे वळा. ती १०५ ची. तिची तिसरी पट ३१५, म्हणजे तार सप्तकातला रिषभ. पाचवी पट ५२५, म्हणजे शुद्ध निषाद. दोन्ही तिथेच आहेत, आणि निषाद ऐकायला गंधारापेक्षा जास्त वेळ लागतो.